कारपेटवर गाडी घसरत नाही, उलटते! आरसी कारचं सेटिंग समजून घेऊया

आरसी कार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "टॉप स्पीड किती?" दुसरा, "कितीला पडली?" (इथे आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल. ट्रॅफिक पोलीस मागतात ते आरसी बुक वेगळं.) पण बंद हॉलमध्ये कारपेट टाकून चार-पाच जणांनी एकत्र गाड्या पळवायला घेतल्या की दहा मिनिटांत हे दोन्ही प्रश्न मागे पडतात. सगळ्यात वेगवान गाडी पहिल्याच वळणावर चाकं वर करून पडलेली असते, आणि कुणाची तरी साधी, हळू वाटणारी गाडी शांतपणे लॅपमागून लॅप मारत असते.

दोघांत फरक असतो तो सेटिंगचा. आणि सेटिंगसाठी लागणारी बरीचशी साधनं तुमच्या घरात, कंपासपेटीत आणि खिशातल्या फोनमध्ये आधीपासून आहेत. नवीन मोटर मागवण्याआधी हा लेख वाचा, पैसे वाचतील.

हॉल आणि कारपेट कुठून आणायचं?

बजाजनगरला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको की बाहेर आरसी कार चालवणं म्हणजे धूळ, खडी आणि मधूनच येणारी कंपनीची बस. पावसाळ्यात तर विषयच संपला. रस्त्यावरच्या गाडीची ग्राउंड क्लिअरन्स अर्धा सेंटिमीटर असते, ती चिखलात काय चालणार?

मात्र पावसाळ्यातच एक सोय होते. पंढरपूरची, म्हणजे आपल्या वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरची, आषाढीची यात्रा झाली की चातुर्मास लागतो. लग्नाचे मुहूर्त जवळजवळ बंद. मंगल कार्यालयं आणि सोसायट्यांचे हॉल रिकामे, डेकोरेटरचं कारपेट गोडाऊनमध्ये गुंडाळून पडलेलं. अशा वेळी चार जणांनी वर्गणी काढून एका दुपारपुरता हॉल आणि कारपेटचे दोन-तीन रोल भाड्याने मागितले तर भाव बरा मिळतो.

मांडवात टाकतात ते लाल-हिरवं पातळ कारपेट विणलेलं नसतं. कृत्रिम धाग्यांचा थर काटेरी सुयांनी टोचून टोचून एकजीव केलेला असतो, त्याला नीडल पंच म्हणतात. युरोप-अमेरिकेत इनडोअर रेसिंगसाठी वापरतात ते कारपेटही याच जातीचं, फक्त जास्त दाट आणि आखूड केसांचं. म्हणजे आपलं मांडवाचं कारपेट हा त्याचा गरीब चुलतभाऊ. त्याचे धागे सुटतात आणि चाकाच्या बेअरिंगपाशी गुंडाळून बसतात. दर तासाभराने चाकं काढून ते कात्रीने कापावे लागतात. त्रास आहे, पण चालतं.

कारपेट अंथरताना ताणून टाका, सुरकुती राहू देऊ नका आणि जोडावर कापडी टेप मारा. जोड उघडा राहिला तर गाडीची पुढची कड त्यात अडकते. ट्रॅकची हद्द आखायला इलेक्ट्रिक फिटिंगचे पीव्हीसी पाइप छान. फक्त ते पाइप वळणाच्या आतल्या बाजूला टोकदार कापलेले ठेवू नका, बॉडी फाटते.

कुठली गाडी?

हे पटकन उरकतो. इनडोअरसाठी दोन आकार जास्त दिसतात. एक १/१० स्केलची टूरिंग कार, सुमारे १९ सेंटिमीटर रुंद, हिला मोठा हॉल लागतो. दुसरी १/२८च्या आसपासची तळहाताएवढी गाडी, जी दिवाणखान्याएवढ्या जागेतही पळते. क्योशो कंपनीची मिनी-झी ही यातली सगळ्यात प्रसिद्ध, १९९९ पासून बाजारात आहे आणि चार ट्रिपल-ए सेलवर चालते. जागा नसेल तर डोळे झाकून लहान गाडी घ्या.

या लेखातली उदाहरणं १/१० गाडीची आहेत, त्यातही तामियाच्या टीटी-०२ या चॅसीची, कारण नवशिक्यांकडे जगभर तीच असते. तत्त्वं दोन्हींना तीच.

गाडी उलटते का?

आता मुद्द्याचं. मातीवर किंवा फरशीवर गाडी वेगात वळवली की ती घसरते. टायरची पकड सुटते, गाडी बाहेर फेकली जाते आणि वेग कमी होतो. एका अर्थाने घसरणं हीच तिची सुरक्षा. कारपेटवर टायर सुटतच नाही. चाक जमिनीला चिकटून, वरचं वजन मात्र बाहेर ओढलं जातंय. मग गाडी बाहेरच्या चाकांवरून कोलांटी मारते. रेसिंगवाले याला ट्रॅक्शन रोल म्हणतात.

हे कधी होणार याचं गणित बारावीच्या फिजिक्सचं आहे. डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांमधलं अंतर मोजा, त्याचं अर्धं करा आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून जितका उंच आहे त्याने भागा. समजा टायरच्या मध्यांमधलं अंतर १६४ मिमी आहे, म्हणजे अर्धं ८२. गुरुत्वमध्य ४० मिमीवर. ८२ भागिले ४० म्हणजे साधारण २. टायर आणि कारपेट यांच्यातला घर्षण गुणांक यापेक्षा कमी असेल तर गाडी घसरेल, जास्त झाला तर उलटेल. कोरड्या रस्त्यावर खऱ्या गाडीच्या टायरचा हा आकडा १च्या आसपास असतो. मऊ टायर आणि दाट कारपेट एकत्र आले की तो बराच वर जातो. शिवाय वळताना बॉडी बाहेर झुकते, वजन आणखी सरकतं, त्यामुळे प्रत्यक्षात गाडी या हिशेबापेक्षा आधीच उलटते.

याच हिशेबाने रिक्षा का उलटते हेही कळतं. बजाजनगर ज्या बजाज ऑटोच्या नावाने वसलं तिचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि तिथे बाइकबरोबर तीनचाकीही बनते. रिक्षाला पुढे एकच चाक. त्यामुळे ती ज्या रेषेवरून उलटेल ती रेषा पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत तिरकी जाते, आणि गुरुत्वमध्यापासून तिचं अंतर चारचाकीपेक्षा कमी पडतं. आपल्या भागल्या जाणाऱ्या संख्येतले ८२ चे एकदम ५०-६० झाल्यासारखं. वर टपावर सामान ठेवलं की खालची संख्याही वाढते.

तेव्हा आरसी कारच्या टपावर एलईडी पट्ट्या, दुसरा स्पॉयलर, जाड स्टिकरचे थर लावणाऱ्यांना एकच विनंती, घरी शेल्फवर ठेवायला दुसरी बॉडी घ्या. शर्यतीच्या बॉडीवर टपाजवळ जाणारा प्रत्येक ग्रॅम उलटायला मदत करतो. वायर, रिसीव्हर, बॅटरी जितकं खाली चिकटवता येईल तितकं चिकटवा.

आधी मोजा, मग फिरवा

सेटिंगची सुरुवात सपाट जागेपासून होते. घरातली फरशी सपाट वाटते पण नसते. काचेच्या दुकानातून ८ किंवा १० मिमी जाडीच्या काचेचा तुकडा, कडा घासून, घेऊन या. गाडीच्या दीडपट मोठा असला की पुरे. फोनवर लेव्हल दाखवणारं अॅप असतं. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स हे अॅप मोफत आहे आणि त्यात फोनच्या सेन्सरने कल मोजण्याचं साधन आहे. कव्हर काढून फोन काचेवर पालथा ठेवा आणि काचेखाली कागदाच्या घड्या सरकवत दोन्ही दिशांचा कल शून्याजवळ आणा. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे सरळ ठेवलेला फोन डुगडुगतो, म्हणून पालथा.

आता गाडीची उंची. चॅसीचा तळ काचेपासून पुढे-मागे ५ मिमीच्या आसपास असला की कारपेटवर सुरुवात चांगली होते. मोजायला जुनी एटीएम कार्डं घ्या. एका कार्डाची जाडी ०.७६ मिमी, जगभर तीच. म्हणजे सहा कार्डं साडेचार मिमी आणि सात कार्डं ५.३ मिमी. गठ्ठा चॅसीखाली सरकवून बघायचा. सहा जातात, सात अडतात, जमलं. गाडी बॅटरी आणि बॉडीसकट पूर्ण तयार असताना मोजा. घरात कुणी कंपनीच्या क्वालिटी विभागात असेल आणि व्हर्निअर मिळत असेल तर सोन्याहून पिवळं, पण नसेल तर अडत नाही.

कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक आत किंवा बाहेर किती कललंय. वरची बाजू आत कलली की तो निगेटिव्ह. दीड अंश निगेटिव्ह ही ठीक सुरुवात. हे मोजायला कंपासपेटीतला गुण्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला काचेवर उभा धरा. चाकाचा व्यास ६३ मिमी असेल तर एक अंशाला वरच्या कडेपाशी सुमारे १.१ मिमी फट दिसते, दोन अंशांना २.२. दीड अंश म्हणजे दोन एटीएम कार्डांपेक्षा किंचित जास्त फट. डावी आणि उजवी बाजू सारखी असणं हे अचूक दीड असण्यापेक्षा महत्त्वाचं. टीटी-०२च्या साध्या मॉडेलमध्ये वरची आर्म ठरावीक लांबीची असते, तिथे कॅम्बर बदलता येत नाही. पण दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे तरी बघा. वाकलेली आर्म इथेच सापडते.

आणखी एक तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही. गाडी काचेवर ठेवा, पुढच्या बंपरच्या बरोबर मध्याखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून हळूहळू उचला. दोन्ही पुढची चाकं एकदम सुटली पाहिजेत. एक आधी उचललं गेलं तर चॅसीला पीळ आहे किंवा एका बाजूचा स्प्रिंग जास्त दाबलेला आहे. अशी गाडी डाव्या वळणात गुणी आणि उजव्या वळणात भूत लागल्यासारखी वागते. मागूनही तसंच करा. बॅटरीचा पट्टा जास्त आवळल्यानेसुद्धा चॅसी पिळली जाते. हे ऐकायला खोटं वाटतं, पट्टा सैल करून बघा.

स्प्रिंग आणि तेल

वाळूजच्या पट्ट्यात सस्पेन्शन हा परका विषय नाही. एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज या शॉक अॅब्जॉर्बर बनवणाऱ्या कंपनीचं मुख्य ठाणंच वाळूज एमआयडीसीत आहे. बाइकच्या शॉकमध्ये जे चालतं तेच आरसीच्या बोटभर डँपरमध्ये चालतं. स्प्रिंग वजन पेलते आणि तेल तिला उड्या मारू देत नाही. दांड्याला पिस्टन, पिस्टनला भोकं, भोकांतून तेल ढकललं जाताना हालचालीची ताकद जिरते. टीटी-०२च्या मूळ किटमधल्या डँपरमध्ये तेलच नसतं, नुसतं घर्षण. या गाडीवर पहिला पैसा खर्च करायचा तर तो तेलाच्या डँपरवर करा, मोटरवर नको.

तेल किती दाट? कारपेटसाठी ३५० ते ४०० सीएसटीपासून सुरुवात करा. बाटलीवरचं एकक नक्की वाचा. काही बाटल्यांवर सीएसटी असतं, काहींवर डब्ल्यूटी, आणि आकडे वेगळे असतात. ३० डब्ल्यूटीचं तेल साधारण ३५० सीएसटी भरतं. "मित्राने ३० सांगितलं, मी ३०० घेतलं" असले घोळ इथूनच होतात. आणि हे तेल सिलिकॉनचं असतं. त्याऐवजी बाइकच्या फोर्कचं किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, पेट्रोलियमच्या तेलाने सिलिकॉन रबरचे सील फुगतात आणि दांडा अडकतो.

स्प्रिंगचा नियम सुरुवातीला उलटा वाटतो. ज्या टोकाला स्प्रिंग कडक कराल, त्या टोकाची पकड दुसऱ्या टोकाच्या तुलनेत कमी होते. का? वळताना वजन आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जातं. कडक स्प्रिंग असलेलं टोक यातला जास्त वाटा उचलतं, म्हणजे तिथलं बाहेरचं चाक खूप दाबलं जातं आणि आतलं हलकं होतं. आता टायरची गंमत अशी की वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. एका चाकावर सगळा भार टाकण्यापेक्षा दोन्हींवर वाटला तर एकूण पकड जास्त मिळते. त्यामुळे पुढून गाडी झटक्यात वळून उलटत असेल तर पुढची स्प्रिंग एक पायरी कडक करा. उलट गाडी वळतच नसेल, नाक सरळ जात असेल, तर पुढची मऊ करा.

पण स्प्रिंगला हात लावण्याआधी रिमोट बघा. बहुतेक रिमोटवर स्टीअरिंग किती वळू द्यायचं याचं बटण असतं, डी/आर असं लिहिलेलं. ते शंभर टक्क्यांवर ठेवून कारपेटवर उतरणं म्हणजे उलटण्याचं आमंत्रण. ७० टक्क्यांवर आणा, आणि सगळ्यात घट्ट वळण जेमतेम घेता येईल एवढंच ठेवा. निम्म्या लोकांचं उलटणं इथेच थांबतं, शून्य रुपयांत.

टायर, सॉस आणि फेविक्विक

परदेशी कारपेट ट्रॅकवर टायरला एक द्रव लावतात, बोलीभाषेत सॉस. रबर मऊ पडतं आणि पकड वाढते. मागच्या टायरला पूर्ण आणि पुढच्याला फक्त आतल्या अर्ध्या भागाला लावायची पद्धत आहे, म्हणजे पुढची पकड मुद्दाम कमी ठेवतात. काही मिनिटं मुरू देऊन पुसून टाकतात. भाड्याच्या कारपेटवर हा प्रकार करू नका. डाग जात नाहीत, आणि पुढच्या लग्नात नवरदेवाच्या पायाखाली तुमचे काळे पट्टे दिसले तर डेकोरेटर पुन्हा दारात उभं करणार नाही.

दुसरी युक्ती आपल्याकडे जास्त सोपी. पुढच्या टायरची बाहेरची कड, जी गाडी झुकली की कारपेटमध्ये रुतते, तिच्यावर फेविक्विकचा पातळ थर द्यायचा. फेविक्विक म्हणजे सायनोअॅक्रिलेट, आणि रेसिंगवाले जगभर हाच गोंद या कामाला वापरतात. सुकल्यावर कड गुळगुळीत आणि कडक होते, रुतण्याऐवजी सरकते. गाडी उलटायच्या बेताला येते आणि पुन्हा चार चाकांवर बसते. थर एकसारखा हवा, म्हणून चाक हळूहळू फिरवत लावा. चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा. वाफा डोळ्यांना झोंबतात.

गिअरचं गणित

मोटरच्या टोकाला पिनियन, ते फिरवतं स्पर गिअरला, पुढे गाडीच्या आतला ठरलेला रेशो. टीटी-०२ मध्ये स्पर ७० दात्यांचा, पिनियन २२ चं आणि आतला रेशो २.६. ७० भागिले २२ गुणिले २.६ म्हणजे ८.२७. मोटर ८.२७ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. ६३ मिमी व्यासाच्या चाकाचा परीघ १९८ मिमी, म्हणून मोटरच्या एका फेऱ्यात गाडी २४ मिमी पुढे सरकते. पिनियन २४ चं लावलं तर रेशो ७.५८ आणि सरकणं २६ मिमी.

यावरून वेगही काढता येतो. समजा मोटर २००० केव्हीची आहे, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला २००० फेरे. ७.४ व्होल्टवर १४,८०० फेरे, गुणिले २४ मिमी, म्हणजे मिनिटाला साधारण ३५५ मीटर. ताशी २१ किलोमीटर, तेही भार नसताना. खोक्यावर "स्केल स्पीड २०० किमी" लिहिलेलं असतं ते या २१ ला दहाने गुणून. ती नुसती जाहिरात.

हॉलमधल्या ट्रॅकवर सरळ पट्टा दहा-बारा मीटरचा. तिथे टॉप स्पीड गाठलाच जात नाही, वळणातून बाहेर पडतानाचा जोर महत्त्वाचा. म्हणून पिनियन लहान ठेवा. मोठ्या पिनियनने मोटर सतत ओढत राहते आणि तापते. पाच मिनिटं पळवून गाडी थांबवा आणि मोटरवर बोट ठेवा. तीन सेकंद टेकवता आलं नाही तर पिनियन एक-दोन दाते कमी करा.

फोन हाच टाइमकीपर

मोठ्या ट्रॅकवर गाडीत छोटा ट्रान्सपाँडर असतो आणि ट्रॅकखालच्या तारेवरून गेल्यावर वेळ नोंदली जाते. आपल्याला फोन पुरतो. ट्रायपॉडवर, नसेल तर विटेला टेकवून, फोन रेषेच्या अगदी काटकोनात ठेवा आणि ६० एफपीएसवर व्हिडिओ सुरू करा. एक फ्रेम म्हणजे १७ मिलिसेकंद. गाडीचं नाक रेषेवर आलं त्या फ्रेमची वेळ लिहून घ्यायची, पुढच्या फेरीची लिहायची, वजा करायचं. बोटाने स्टॉपवॉच दाबण्यापेक्षा हे कितीतरी बरं. २४० एफपीएसचा स्लो-मो लॅप मोजायला नको, स्टोरेज भरतं आणि फोन तापतो. तो वळणापाशी ठेवा. कुठलं चाक आधी उचलतंय, बॉडी कारपेटला घासतेय का, हे डोळ्याला कधीच दिसत नाही, स्लो-मोमध्ये लख्ख दिसतं.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबतो. समजा जुन्या सेटिंगवर दहा लॅपची सरासरी ९.८ सेकंद आली. स्प्रिंग बदलली, ९.६ आली. स्प्रिंग भारी! नाही, थांबा. जुनी स्प्रिंग परत लावा आणि पुन्हा दहा लॅप मारा. आता जुन्याच स्प्रिंगवर ९.५ आले तर? मधल्या वेळात गाड्या फिरून कारपेटवर रबर बसलं, धूळ निघून गेली, तुमचा हात बसला. सुधारणा मुख्यतः ट्रॅकची आणि तुमची होती, स्प्रिंगची नव्हे. जुनं, नवं, पुन्हा जुनं अशा तीन फेऱ्या झाल्याशिवाय कुठल्याही बदलावर विश्वास ठेवू नका. आणि बॅटरी प्रत्येक वेळी सारखीच भरलेली हवी.

एका वेळी एकच बदल करा. सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी पाच फाइल बदलून बग गेला तर नेमका कशाने गेला हे सांगता येत नाही, तसंच हे. फोनमध्ये एक शीट करा: तारीख, काय बदललं, दहा लॅप, शेरा. शेऱ्यात "मस्त" लिहू नका. "तिसऱ्या वळणातून निघताना शेपटी सुटते" असं लिहा. वळणात शिरताना, मध्यावर आणि बाहेर पडताना, तीन वेगळ्या तक्रारी असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

आणि सगळ्यात वेगवान लॅप बघून खूश होऊ नका. एक लॅप ९.१ आणि पुढच्यात उलटली, उचलून ठेवायला पाच सेकंद, अशा गाडीपेक्षा सलग ९.६ मारणारी गाडी पाच मिनिटांच्या रेसमध्ये कुठल्या कुठे पुढे जाते. हिशेब करून बघा. लॅपमागे अर्ध्या सेकंदाची कमाई दहा लॅपनंतर एका कोलांटीत संपते.

रिमोटबद्दल एक छोटी गोष्ट. आताचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तुमच्या वायफाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यात. भारतात कमी ताकदीच्या वापरासाठी हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखून जोडलेले असतात आणि बरेचसे संच सतत चॅनल बदलत बोलतात, त्यामुळे दहा गाड्या एकत्र पळाल्या तरी गोंधळ होत नाही. पूर्वीच्या २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यात दोन गाड्या एकाच फ्रिक्वेन्सीच्या निघाल्या तर एका रिमोटने दोन्ही वळायच्या.

बॅटरी: इथे मस्करी नको

फोनची बॅटरी आणि आरसीची लिपो, दोन्ही लिथियमच्याच. पण फोनच्या बॅटरीला जास्त चार्ज आणि जास्त डिस्चार्ज थांबवणारं सर्किट असतं. आरसीच्या लिपो पॅकमध्ये सहसा ते नसतं. सांभाळायचं काम तुमचं, चार्जरचं आणि गाडीच्या ईएससीचं, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या सर्किटचं. ईएससीमध्ये लिपो मोड चालू आहे ना, आधी बघा. काही किटबरोबर येणाऱ्या ईएससीत कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोयच नसते. तिथे एकतर निमहाची बॅटरी वापरा किंवा पॅकला वाजणारा अलार्म लावा. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की तो खराब व्हायला लागतो, आणि तसाच पुन्हा चार्ज केला तर धोका.

दोन सेलचा पॅक पूर्ण भरला की ८.४ व्होल्ट, त्यापुढे एक काटाही नाही. चार्जर बॅलन्सवालाच हवा. ४००० एमएएचचा पॅक असेल तर करंट ४ अँपिअर ठेवा. आपण कारपेट आणि मांडवाच्या कापडाने भरलेल्या हॉलमध्ये आहोत हे विसरू नका. चार्जिंग हॉलच्या आत करू नका. बाहेर पोर्चमध्ये फरशीवर, सावलीत, जवळ वाळूची बादली, आणि चार्जरपाशी जागा माणूस. चहा प्यायला सगळे एकदम गेले असं होता कामा नये. फुगलेला किंवा आपटून चेपलेला पॅक कितीही महाग असला तरी बाद. टाचणी लावून हवा काढण्याचे व्हिडिओ फिरतात, ते बघून तसं करायला जाऊ नका.

घरी जाताना पॅक भरलेले ठेवायचे नाहीत आणि रिकामेही नाहीत. चार्जरवर स्टोरेज असा पर्याय असतो, तो प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो, दोन सेलचे ७.६. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पॅक गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये विसरू नका. घरातल्या थंड कोपऱ्यात, पडदे आणि गाद्यांपासून लांब ठेवा.